मेर्सी भरपूर, पण बोंजूर कुठे?

पत्राचा सारांश : नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापासून फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. पुण्यात असताना त्यांनी फ्रेंचच्या बी-वन, म्हणजे मध्यम, पातळीपर्यंत अभ्यास केला होता. त्या लिहितात, की बेकरीत त्या 'मेर्सी' (धन्यवाद) म्हणायला कधीच चुकत नाहीत, एका खेपेत तीन-तीनदा म्हणतात, तरी काउंटरवरची बाई थंड नजरेनंच बघते. एकदा त्यांनी पाव मागितला, तर तो द्यायचा सोडून ती मोठ्यानं "बोंजूर!" (नमस्कार) म्हणाली आणि रांगेतले सगळे वळून बघू लागले. हीटर बिघडल्यावर घराच्या एजन्सीला 'मेर्सी द रेपारे' असं लिहून ई-मेल पाठवला, त्याला दोन ओळींचं कोरडं उत्तर आलं. शेजारच्या सत्तरीतल्या बाईंनी पार्सल ठेवून घेतलं म्हणून त्यांना दिवाळीचा फराळ दिला; ताट रिकामंच परत आलं, सोबत एक चिठ्ठी. त्याच बाईंकडे जेवायला गेल्यावर, दुसऱ्यांदा वाढताना यांनी "मेर्सी" म्हटलं आणि भांडं पुढे निघून गेलं. दीड वर्षात त्या बाई 'वू'वरून (तुम्ही) 'त्यू'वर (तू) आलेल्या नाहीत. "ही माणसं मुळातच तुसडी आहेत की माझा रंग बघून अशी वागतात? पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत. त्यांच्या मते उठता-बसता आभार मानणं हा दिखाऊपणा आहे. मी हे नाटक चालू ठेवू की सोडून देऊ?" असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली. तुम्ही सभ्यपणात कुठेच कमी पडत नाही आहात. उलट, मनापासून आणि भरपूर करता आहात. तरीही समोरून थंडपणा येतो, म्हणून तुम्ही दोनच निष्कर्ष काढले आहेत : एक तर माणसं वाईट आहेत, नाहीतर त्यांना माझं वावडं आहे. हे दोन्ही थोडा वेळ बाजूला ठेवा. त्याआधी तिसरी शक्यता तपासू या. सौजन्य म्हणजे आभार, हे तुम्ही धरून चालला आहात. फ्रेंच व्यवहारात सौजन्याचं बहुतेक वजन व्यवहाराच्या सुरुवातीला असतं, शेवटाला नाही. तुमच्या पत्रात मेर्सी जागोजागी आहे, पण तुमच्या तोंडचं बोंजूर मला एकदाही सापडलं नाही. ते फक्त त्या बेकरीवालीच्या तोंडी आहे.

तिनं मोठ्यानं म्हटलेलं बोंजूर हा तुमचा अपमान नव्हता, ती दुरुस्ती होती. लहान मुलानं थेट खाऊ मागितला तर फ्रेंच आई त्याला जसं थांबवून आधी अभिवादन करायला लावते, तोच सूर मोठ्यांसाठीही वापरला जातो. तो लागतो, हे मान्य. चारचौघांत लागला तर जास्तच. पण त्याचा अर्थ "तुम्ही मला माणूस म्हणून अजून पाहिलंच नाही" एवढाच असतो. फ्रान्समध्ये दुकानात शिरणं म्हणजे कुणाच्या तरी जागेत शिरणं. आपण कुणाच्या घरी गेलो की उंबऱ्यातूनच "साखर आहे का?" असं विचारत नाही, आधी "काय, कसं काय?" होतं आणि मग साखर. तिथं बेकरी, औषधाचं दुकान, टपाल कार्यालय, बँकेची खिडकी या सगळ्यांना हाच नियम लागू आहे. गिऱ्हाईक पैसे देतो म्हणून त्याला यातून सूट मिळत नाही.

हा नियम तिथल्या लोकांच्या मनात किती पक्का आहे याचं एक गाजलेलं उदाहरण सांगते. २०१३ साली नीस शहरातल्या 'ला पतीत सिरा' या कॅफेनं पाटी लावली होती : नुसतं "एक कॉफी" म्हणाल तर ७ युरो, "एक कॉफी, सिल वू प्ले (कृपया)" म्हणाल तर ४.२५ युरो, आणि "बोंजूर, एक कॉफी, सिल वू प्ले" म्हणाल तर १.४० युरो. पाटी गमतीनं लावलेली होती, पण तिची बातमी जगभर झाली. आकडे नीट बघा. सिल वू प्लेमुळे भाव उतरतोच, पण योग्य दरात कॉफी मिळायला आधी बोंजूर लागतं.

आता बेकरीतला प्रसंग पायरीपायरीनं बघू. आत शिरताना फोन खिशात आणि कानातले इअरफोन बाहेर. आपली पाळी आली की काउंटरवरच्या बाईंकडे बघून, ऐकू जाईल अशा आवाजात "बोंजूर मादाम", पुरुष असेल तर "बोंजूर मस्यो". मग थांबायचं. समोरून बोंजूर परत येईपर्यंत मागणी करायची नाही. बहुतेकांचं इथंच चुकतं : बोंजूर आणि मागणी एका दमात उरकली जाते, आणि मग बोंजूर म्हटलं काय, न म्हटलं काय, सारखंच होतं. उत्तर आलं की "ज वुद्रे युन बागेत, सिल वू प्ले", म्हणजे "एक बागेत हवा होता". 'बागेत' म्हणजे तिथला लांबट पाव; हा शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'अँ' नव्हे, 'युन'. 'ज वुद्रे'ऐवजी 'ज वो' म्हणू नका. व्याकरणात ते बरोबर असलं तरी कानाला "मला हवंय" असं हट्टी वाटतं. 'वुद्रे' म्हणजे आपलं "मिळेल का" किंवा "हवं होतं".

पाव हातात देण्याआधी ती विचारेल, "आवेक ससी?" म्हणजे "आणखी काही?" हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा नसतो, म्हणून नवखे गोंधळतात आणि नुसतं मेर्सी म्हणून मोकळे होतात. उत्तर आहे, "से तू, मेर्सी" : एवढंच, धन्यवाद. पैसे दिले, पाव घेतला, की "मेर्सी, बॉन जुर्ने, ओ रव्वार", म्हणजे "धन्यवाद, दिवस छान जावो, येते". बहुतेक वेळा "बॉन जुर्ने" तीच आधी म्हणेल, मग "मेर्सी, वू झोसी", म्हणजे "तुम्हालाही". मोजून बघा, मेर्सी तीनदा झालंच, पण प्रत्येक वेळी वेगळ्या कामासाठी. तुमची तीन मेर्सी बहुधा एकाच जागी, पाव हातात पडल्यावर, एकापाठोपाठ येत असणार. तशी आली की समोरच्याला त्यांत आदर ऐकू येत नाही, अवघडलेपण ऐकू येतं.

आणि हसण्याबद्दल. समोरची बाई हसली नाही तर ती रागावली आहे असं समजू नका. फ्रान्समध्ये दुकानदारानं अनोळखी गिऱ्हाइकाकडे बघून हसायलाच हवं अशी अपेक्षा नाही. बोंजूर आणि ओ रव्वार नीट झालं की तिच्या बाजूनं तिनं तुमचा मान राखला.

बोंजूर कुठे कुठे म्हणायचं, तर यादी तुम्हाला वाटते त्यापेक्षा लांब आहे. इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरताना आतल्या माणसांना. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला, नाव माहीत नसलं तरी. बसमध्ये चढताना चालकाला. डॉक्टरांच्या प्रतीक्षा खोलीत शिरताना सगळ्यांना मिळून "बोंजूर मेस्यो-दाम". बसलेले लोक पुटपुटत उत्तर देतील, पुढे बोलणं वाढवायची गरज नाही. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर, ग्रंथालयात, सरकारी कार्यालयात, फोन उचलल्यावर. रस्त्यात पत्ता विचारताना "एक्स्क्यूझे म्वा"नं सुरुवात करणारे पुष्कळ असतात, पण "बोंजूर, एक्स्क्यूझे म्वा द वू देराँजे" असं म्हणून बघा : "नमस्कार, तुम्हाला त्रास देतेय, माफ करा." उत्तरात पडलेला फरक तुम्हालाच दिसेल. मेट्रोच्या डब्यात मात्र कुणाला बोंजूर म्हणायचं नसतं, आणि मोठ्या शहराच्या रस्त्यावर अनोळखी माणसालाही नाही. खेड्यात आणि डोंगरातल्या पायवाटेवर म्हणतात. शंका आली तर म्हणून टाका. जास्तीच्या बोंजूरचा कुणाला राग येत नाही, राहिलेल्याचा येतो.

एकाच माणसाला एका दिवसात दोनदा बोंजूर मात्र म्हणायचं नाही. तसं केलंत तर "सकाळी भेटलो ते तुम्ही विसरलात" असा अर्थ होतो. दुपारी पुन्हा गाठ पडली तर "रबोंजूर" किंवा नुसती मान हलवणं पुरतं. संध्याकाळी साधारण सहाच्या पुढे "बोंस्वार" (शुभ संध्या), निघताना "बॉन स्वारे" (संध्याकाळ छान जावो). "बॉन न्वी" (शुभ रात्री) फक्त झोपायला जाणाऱ्याला. रात्री नऊ वाजता रेस्टॉरंटमधून बाहेर पडताना वेटरला बॉन न्वी म्हटलं तर तो बुचकळ्यात पडेल.

आता जेवणाच्या टेबलाकडे येऊ, कारण तिथला तुमचा अनुभव सगळ्यात जास्त खुपलेला दिसतो. कुणी काही देऊ करत असताना नुसतं "मेर्सी" म्हणणं म्हणजे जुन्या रीतीप्रमाणे नकार. "आणखी घेणार?" "मेर्सी." म्हणजे "नको, पुरे." सत्तरीतल्या बाईंनी तो अर्थ घ्यावा यात नवल नाही, त्यात मान किंवा हात जरा हलला असेल तर मग शंकाच नको. हवं असेल तर आधी 'वी' (हो) आलं पाहिजे : "वी, वोलोंत्ये", "वी, आवेक प्लेझीर" (हो, आनंदानं), किंवा "ज वो ब्याँ". इथं एक बारीक गंमत आहे : "ज वो" एकटं उद्धट, पण कुणी देऊ केलेल्या गोष्टीवर "ज वो ब्याँ" म्हणजे "हो, आवडेल", आणि ते पूर्ण सभ्य. नको असेल तर "नों मेर्सी" किंवा "मेर्सी, जे त्रे ब्याँ माँजे", म्हणजे "पोटभर जेवले". पोट भरलं हे सांगायला "ज स्वी प्लेन" असं शब्दशः म्हणू नका. गाभण जनावराबद्दल बोलताना तो शब्द वापरतात.

यामागे आणखी एक गोष्ट आहे, तिचा शब्दांशी संबंध नाही. आपल्याकडे आग्रह असतो. पहिलं "नको" कुणी खरं मानत नाही, वाढणारी "अहो, एक तरी घ्या" म्हणते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला पान पुढे होतं. फ्रेंच यजमानीण एकदा विचारते, फार तर दोनदा. पाहुण्याच्या नकाराला खरं मानणं हाच तिच्या दृष्टीनं पाहुण्याचा मान. तुम्ही नको म्हटल्यावर तिनं वाढलं असतं, तर "माझं ऐकूनच घेतलं नाही" असं तिच्या इतर पाहुण्यांना वाटलं असतं. म्हणून तिथं भूक असेल तर पहिल्याच वेळेला हो म्हणायचं. ते हावरटपणाचं दिसत नाही. स्वयंपाक आवडल्याची ती पावती असते. तुमच्या घरी फ्रेंच पाहुणे आले तर हेच उलटं लक्षात ठेवा : तिसऱ्यांदा आग्रह केलात तर ते संकोचून खातील, पण पुढच्या वेळी यायला कचरतील.

रिकाम्या ताटाबद्दल. आपण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाही, चिमूटभर साखर का होईना घालतो. ही रीत त्या बाईंना माहीत असायचं काही कारण नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी भांडं स्वच्छ घासून दिलं आणि सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी दिली. तिला तिकडे 'अँ पती मो' (दोन शब्दांची चिठ्ठी) म्हणतात आणि तिची किंमत मोठी असते, विशेषतः त्या वयाच्या माणसांत. चकलीबद्दल की करंजीबद्दल, चिठ्ठीत काही नेमकं लिहिलं होतं का, तेवढं पुन्हा एकदा वाचा. लिहिलेलं असेल तर त्यांनी फराळ मन लावून खाल्ला आहे. आणि जेवायलाही त्यांनीच तुम्हाला बोलावलं ना? फ्रान्समध्ये शेजाऱ्याला जेवायला बोलावणं ही रोजची गोष्ट नाही. तुसडी माणसं ते करत नाहीत.

त्या अजून 'वू'च म्हणतात याचंही वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे शेजारच्या काकूंना वीस वर्षं "अहो काकू" म्हणतो, त्यात दुरावा नसतो. तिथंही नसतो. 'त्यू'वर यायचा प्रस्ताव वयानं किंवा पदानं मोठ्या माणसानं मांडायचा असतो : "ओं पो स त्यूत्वाये?", म्हणजे "एकमेकांना 'त्यू' म्हणू या का?" तो त्यांच्याकडून येईपर्यंत तुम्ही 'वू'च ठेवा. न आला तरी मैत्रीत उणेपणा नाही. ऑफिसमध्ये सहकारी पहिल्याच दिवशी 'त्यू' म्हणतील, तिथं मात्र तुम्ही 'वू' धरून बसलात तर तुम्हीच दूर राहताय असं वाटेल.

पार्सलचे आभार कसे मानायचे, हे सांगताना ई-मेलची भानगडही सुटेल, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच व्याकरण आहे. झालेल्या गोष्टीबद्दल आभार मानायचे तर 'मेर्सी द'नंतर भूतकाळी रूप येतं : "मेर्सी दाव्वार गार्दे मों कोली", म्हणजे "माझं पार्सल ठेवून घेतलंत, आभारी आहे". वस्तूबद्दल असेल तर 'मेर्सी पूर' : "मेर्सी पूर ल गातो", केकबद्दल. पण 'मेर्सी द'नंतर साधं क्रियापद आलं की ते आभार राहतच नाहीत, ती सूचना होते. दारावरच्या पाटीवर "मेर्सी द फेर्मे ला पोर्त" असतं, म्हणजे "दार लावून घ्यावे". तुम्ही एजन्सीला "मेर्सी द रेपारे" लिहिलंत, ते त्यांनी "दुरुस्त करावे" असं वाचलं. ते शिवी नव्हे, पण वरिष्ठानं कनिष्ठाला काम लावल्यासारखं वाटतं. कोरड्या ओळीला कोरडं उत्तर आलं.

पुढच्या वेळी असा ई-मेल लिहा. पहिली ओळ "बोंजूर मादाम," किंवा नाव माहीत नसेल तर "मादाम, मस्यो,". मग पत्ता आणि भाडेकरू म्हणून तुमचं नाव. त्यानंतर अडचण, तारखेसह : अमुक सोमवारपासून झोपायच्या खोलीतला हीटर चालत नाही, बाकीचे चालू आहेत. मग विनंती, प्रश्नाच्या रूपात : "पुर्ये वू", म्हणजे "कराल का, सांगाल का", आणि पुढे नेमकं, की तंत्रज्ञ कोणत्या दिवशी येऊ शकेल. शेवटी "ज वू रमेर्सी पार आवाँस" म्हणजे आगाऊ आभार, आणि सहीच्या वर "ब्याँ कोर्द्यालमाँ" (सस्नेह). 'मेर्सी'पेक्षा 'ज वू रमेर्सी' लेखी व्यवहारात वजनदार वाटतं, कारण त्यात कर्ता, कर्म, क्रियापद असं पूर्ण वाक्य आहे. कागदावरच्या औपचारिक पत्रात शेवट याहून लांब असतो, "ज वू प्री दाग्रेए, मादाम, मे साल्यूतास्यों दिस्तँगे" (माझे सादर नमस्कार स्वीकारावेत) असा. त्यात नियम एवढाच, की सुरुवातीला जे संबोधन वापरलं तेच शेवटी जसंच्या तसं यायला हवं. बाई अविवाहित आहे की विवाहित याचा विचार करू नका. २०१२ साली सरकारी अर्जांतून 'मादम्वाझेल' (कुमारी) काढून टाकलं गेलं. प्रत्येक बाईला 'मादाम' लिहा. आणि दोन सभ्य ई-मेल पाठवूनही हीटर सुरू झाला नाही, तर सौजन्य सोडायची गरज नाही, पण माध्यम बदला : पोचपावतीसह रजिस्टर्ड पत्र पाठवा. तिथं त्याला कायदेशीर वजन असतं.

"मेर्सी" कमी करायचं म्हणजे ऊब कमी करायची का? नाही. दुसऱ्या मेर्सीच्या जागी दुसरं काहीतरी नेमकं म्हणा. "मेर्सी, से त्रे जाँती" : "किती चांगल्या आहात तुम्ही". "मेर्सी बोकू" (खूप आभार) मोठ्या मदतीला. "मेर्सी ब्याँ" जपून वापरा. सुरावर अवलंबून ते कधी कोरडं, कधी "कळलं, पुरे" असं लागतं. आणि आभार एका दमात न संपवता दिवसांवर पसरा. फ्रेंच रीतीत ही खरी गोम आहे. कुणाकडे जेवून आलात, तर निघताना एकदा, आणि दुसऱ्या दिवशी छोटा संदेश : "मेर्सी आँकोर पूर येर स्वार", म्हणजे कालच्या संध्याकाळबद्दल पुन्हा आभार, आणि सोबत एखादा पदार्थ नाव घेऊन. जेवायला गेलात तेव्हा हा संदेश राहिला असेल, तर आता उशिरानं आभार पाठवण्यापेक्षा शेजारीणबाईंना तुमच्याकडे आपेरोला, म्हणजे संध्याकाळच्या खाण्या-पिण्याला, बोलवा. साडेसहा-सातची वेळ द्या. त्या दहा-पंधरा मिनिटं उशिरा आल्या तर तो यजमानाला दिलेला वेळ समजतात, बेफिकिरी नाही. तुम्ही जाल तेव्हाही तेवढंच उशिरा जा, आधी कधीच नको.

त्या काही भेट आणतील. ती त्यांच्यासमोरच उघडा. आपल्याकडे पाहुणा गेल्यावर उघडतो, तिथं बाजूला ठेवून दिली तर आवडली नाही असं वाटतं. उघडताना म्हणायचं, "इल न फाले पा!", म्हणजे "कशाला आणलंत उगाच!" हे तर तुम्हाला मराठीतून आयतंच जमेल. तुम्ही त्यांच्याकडे फुलं नेणार असाल तर एक काळजी घ्या : शेवंती नेऊ नका. आपण ती केसांत माळतो, देवाला वाहतो. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवशी ती थडग्यांवर ठेवतात. ऑक्टोबरअखेरीस दुकानं शेवंतीच्या कुंड्यांनी भरलेली असतात आणि ती दिसतातही सुंदर, त्यामुळे आपल्या माणसांकडून ही चूक सहज होते.

कुणी तुम्हाला मेर्सी म्हटलं तर "द र्‍याँ" चालतं, रोजच्या गोष्टींत सगळेच म्हणतात. वयस्कर माणसांशी किंवा कामाच्या ठिकाणी "ज वू झाँ प्री" जास्त शोभतं. बोलणं नीट ऐकू आलं नाही तर "क्वा?" (काय?) नको, "पार्दों?" (माफ करा?) म्हणा. रेस्टॉरंटमध्ये वेटरला "गार्सों" (पोरा) म्हणून हाक मारू नका; नजर भिडली की "सिल वू प्ले" पुरतं.

आता तुम्ही विचारलेला सगळ्यात कठीण प्रश्न : हे रंगामुळे होतं का? तसं कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. फ्रान्समध्ये भेदभाव आहे आणि तो अनुभवलेल्या माणसाला "तुम्हीच बोंजूर विसरला असाल" असं सांगणं अन्यायाचं आहे. म्हणून पुढचे काही आठवडे एवढं करून बघा. प्रत्येक ठिकाणी बोंजूर, एक क्षण थांबणं, मग मागणी, शेवटी बॉन जुर्ने. बहुतेक ठिकाणी वागणं बदललं तर अडचण शिष्टाचाराची होती. एखाद्याच ठिकाणी, सगळं नीट करूनही, तुमच्या पुढच्या-मागच्या गिऱ्हाइकाला बोंजूर आणि तुम्हाला नाही असं पुन्हा पुन्हा घडलं, तर तो त्या माणसाचा उद्धटपणा. बेकरी बदला, स्वतःला बदलू नका. आणि घर, नोकरी, बँक, सरकारी सेवा यांत रंगावरून किंवा मूळ देशावरून नाकारलं गेलं, तर ते सौजन्याच्या पलीकडचं आहे. त्यासाठी 'देफाँसर दे द्र्वा' ही स्वतंत्र हक्करक्षक संस्था आहे, आणि भेदभावाच्या तक्रारींसाठी तिचा ३९ २८ हा फोन क्रमांक आहे.

सासूबाईंचं म्हणणं मला चूक वाटत नाही, ते त्यांच्या जागी बरोबर आहे. घरातल्या माणसाचे आभार मानले की आपल्याला परकं केल्यासारखं वाटतं. पण फ्रेंच घरात नवरा बायकोला मीठ पुढे केल्याबद्दल मेर्सी म्हणतो, मूल आजीला म्हणतं, आणि त्यात उपकार फेडल्याचा भाव नसतो. "तू केलंस ते मी पाहिलं" एवढंच असतं. तुम्ही याला नाटक म्हणता, पण "येते हं" म्हणून घराबाहेर पडणं, "जाते" न म्हणणं, हेही आपण अर्थ न मोजताच करतो आणि तरी ते खोटं नसतं. सासूबाईंना आभारांचं तत्त्वज्ञान पटवायला जाऊ नका. घरात, मराठीत, त्यांना जसं बोलायचं तसं बोलू द्या, तुम्हीही बोला. बाहेरच्यासाठी चारच शब्द शिकवा : बोंजूर, सिल वू प्ले, मेर्सी, ओ रव्वार. त्यातही एकच जमणार असेल तर बोंजूर. हात जोडून बोंजूर म्हटलं तरी छान. नुसते हात जोडले तर समोरच्याला उत्तर काय द्यावं ते कळत नाही. शेजारीणबाईंनी गालाला गाल लावून भेटायचा प्रयत्न केला आणि सासूबाईंना अवघड वाटणार असेल, तर त्यांना आधीच सांगा, की आपण पहिला हात पुढे करायचा. हात पुढे आला की गाल पुढे येत नाही, आणि कुणाचाच अवमान होत नाही. आपेरोला शाकाहारी-मांसाहारी, दारूचा प्रश्न असेल तर तोही बोलावतानाच मोकळेपणानं सांगून टाका. ऐनवेळी नाकारण्यापेक्षा ते तिथं सभ्य मानतात.

इतर फ्रेंचभाषक देशांत राहणाऱ्या वाचकांसाठी थोडं. बेल्जियममध्ये दुकानदार वस्तू हातात देताना "सिल वू प्ले" म्हणतो, तो काही मागत नसतो, "हे घ्या" म्हणत असतो. फ्रेंचभाषक स्वित्झर्लंडमध्ये मेर्सीला उत्तर म्हणून "सेर्विस" ऐकू येईल. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात त्याच जागी "ब्याँवन्यू" म्हणतात, निरोप घेतानाही "बोंजूर" म्हणतात, आणि 'त्यू'वर फार लवकर येतात; मॉन्ट्रिअलला दुकानातल्या पोऱ्यानं पहिल्याच वाक्यात 'त्यू' म्हटलं तर तो उर्मटपणा नाही. तुलूझकडे, फ्रान्सच्या दक्षिणेत, "द र्‍याँ"ऐवजी "आवेक प्लेझीर" हे नेहमीचं उत्तर आहे. तिथं ते कुणी काही देऊ केल्याशिवायही ऐकू आलं तर गोंधळू नका.